सदोष ट्रॅक्टर आणि हमीचा दावा

बाजारातून बैल घेताना जाणता शेतकरी त्याचे दात मोजतो, खूर व वशिंड पाहतो, चार पावले चालवून त्याची चाल पाहतो आणि जमल्यास जुवाखाली धरून त्याची खोड पारखतो. ट्रॅक्टरची अशी पारख करता येत नाही. दंतचक्र नीट कसले गेले नसेल, सिलिंडर सदोष ओतला गेला असेल किंवा हायड्रॉलिक पंपात मूळचीच उणीव असेल, तर नव्या रंगाखाली ती दिसत नाही. ती दिसते ऐन नांगरटीत. म्हणूनच यंत्राबरोबर हमीपत्र दिले जाते. खरेदीच्या वेळी जे पारखता येत नाही, त्याबद्दल उत्पादकाने दिलेला लेखी शब्द म्हणजे हमीपत्र होय.

हा शब्द पाळला गेला नाही, तर शेतकऱ्याचे नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चाएवढे राहत नाही. ट्रॅक्टर बहुधा कर्जाने घेतलेला असतो आणि यंत्र कार्यशाळेत पडून असले तरी कर्जाचा हप्ता चुकत नाही. वाफसा कोणासाठी थांबत नाही. दुसऱ्याचा ट्रॅक्टर भाड्याने आणावा तर हंगामात तो वेळेवर मिळेलच असे नसते. पेरणी लांबली की पुढचे सारे गणित बिघडते. अशा वेळी शेतकरी विक्रेत्याच्या दुकानी खेटे घालतो, दूरध्वनीवर बोलतो, आश्वासने ऐकतो आणि हमीचा काळ संपून जातो. पुढे तक्रार करावी म्हटले, तर हाती एकही कागद नसतो.

दोष खरा असूनही दावा बुडतो तो बहुतेक वेळा या कागदाच्या अभावी. यास्तव दाव्याची तयारी वकिलाकडे जाण्याच्या दिवशी सुरू होत नाही. ती पहिल्या बिघाडाच्या दिवशी सुरू झाली पाहिजे.

आपल्याकडील कायदा व परदेशातील कायदा

अमेरिकेत अशा सदोष वाहनास बोलीभाषेत ‘लेमन’, म्हणजे लिंबू, असे म्हणतात. वरून चांगले दिसणारे, पण घेणाऱ्याचे तोंड आंबट करणारे वाहन, असा त्याचा भाव आहे. तेथील कनेक्टिकट राज्याने १९८२ साली नव्या वाहनांसाठी या नावाने ओळखला जाणारा पहिला कायदा केला. पुढे इतर राज्यांनीही तसे कायदे केले. ठराविक मुदतीत एकाच दोषासाठी ठराविक वेळा दुरुस्ती करूनही दोष न गेल्यास, अथवा वाहन ठराविक दिवस कार्यशाळेत अडकून पडल्यास, ते वाहन सदोष मानावे, असे या कायद्यांचे सर्वसाधारण स्वरूप आहे.

भारतात दुरुस्तीच्या वेळा मोजून निकाल देणारा असा स्वतंत्र कायदा नाही. येथे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा आधार आहे. १९८६ च्या जुन्या कायद्याची जागा घेऊन तो जुलै २०२० पासून अंमलात आला. वस्तूची गुणवत्ता, प्रमाण, क्षमता, शुद्धता किंवा दर्जा यांत कायद्याने वा कराराने अपेक्षित असलेल्यापेक्षा कोणतीही उणीव असल्यास तिला हा कायदा ‘दोष’ म्हणतो. व्याख्या व्यापक आहे; परंतु दोष दाखवून देण्याचा भार सामान्यतः तक्रारदारावर असतो. तीन वेळा दुरुस्ती झाली म्हणजे निकाल आपोआप आपल्या बाजूने लागेल, असे समजू नये. मात्र तीन वेळा एकाच कारणासाठी यंत्र कार्यशाळेत गेल्याचे तीन कागद असतील, तर ते मोठे बळ ठरते.

शेतकरी हा ग्राहक आहे काय?

व्यापारी हेतूने वस्तू घेणारा या कायद्याखाली ग्राहक ठरत नाही. या कारणावरून अनेकदा प्रतिपक्ष पहिली हरकत घेतो. तथापि, स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वयंरोजगाराने वापरावयास घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची मानली जात नाही, असे कायद्यातच म्हटले आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली हा मुद्दा स्पष्ट करताना असे सांगितले की, घेणाऱ्याने यंत्र चालविण्यासाठी एकदोघांची मदत घेतली म्हणून त्याचा ग्राहकाचा हक्क जात नाही; परंतु यंत्र सर्वस्वी दुसऱ्यांकडून चालवून घेण्यासाठी घेतले असेल, तर गोष्ट निराळी. २०१२ साली सदोष बियाण्यांच्या प्रकरणांतही त्याच न्यायालयाने शेतकऱ्यांना ग्राहक मानले.

म्हणून तक्रारीत हे वाक्य स्पष्ट शब्दांत असावे: ‘हा ट्रॅक्टर तक्रारदाराने स्वतःच्या शेतीसाठी व स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतला आहे.’ सोबत सातबारा उतारा जोडावा. फावल्या वेळी शेजाऱ्यांची नांगरट करून देत असल्यास ते लपवू नये; तोही आपल्याच श्रमाचा स्वयंरोजगार आहे, असे लिहावे.

ट्रॅक्टर वडिलांच्या नावावर व चालविणारा मुलगा, अशी स्थिती घरोघरी असते. तक्रार ज्याच्या नावे पावती आहे त्याने करणे सोयीचे असते. परंतु मालकाच्या संमतीने वस्तू वापरणाऱ्यासही कायदा ग्राहक मानतो. मालक मृत्यू पावला असल्यास त्याच्या कायदेशीर वारसांना तक्रार करता येते.

हमीपत्र वाचून ठेवावे

हमीपत्र ट्रॅक्टर घरी येताच वाचावे. त्यातील चार गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात. पहिली, हमीची मुदत. ती बहुधा वर्षांत व इंजिनच्या चालू तासांत दिलेली असते आणि दोहोंपैकी जे आधी पूर्ण होईल त्याने हमी संपते. दुसरी, हमीतून वगळलेले भाग. टायर, बॅटरी यांसारख्या भागांची हमी पुष्कळदा त्या त्या भागाचा उत्पादक वेगळी देतो. गाळण्या, पट्टे, रबरी भाग व झिजणारे भाग यांना बहुधा हमी लागू नसते. तिसरी, मोफत व सशुल्क देखभालीचे तास. चौथी, हमी रद्द होण्याची कारणे.

विक्री-पावतीवरील चेसिस क्रमांक व इंजिन क्रमांक प्रत्यक्ष यंत्रावरील क्रमांकांशी ताडून पाहावेत. उत्पादनाचे वर्षही विचारून लिहून घ्यावे. गोव्यातील एका ग्राहकास २०११ साली मोटार विकताना विक्रेत्याने प्रत्यक्षात २००९ साली बनलेली मोटार दिली. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. विक्रेत्याच्या या कृत्याची उत्पादकास माहिती होती असे दाखविले गेले नाही, सबब उत्पादकास त्याबद्दल जबाबदार धरता येणार नाही, असा निर्णय २०२१ साली झाला. विक्रेत्याचा दोष कोणता व उत्पादकाचा कोणता, हे तक्रारीत वेगवेगळे मांडणे किती आवश्यक आहे, ते यावरून दिसते. दोघांनाही तक्रारीत पक्षकार करावे. पण प्रत्येकाने काय केले वा काय केले नाही, ते स्वतंत्र परिच्छेदांत लिहावे.

दोष कोणता, हयगय कोणती?

उत्पादकाचा ठरलेला बचाव असा असतो की, यंत्र चांगले होते. वापरणाऱ्याने हयगय केली. हा बचाव प्रत्येक वेळी खोटा असतो असे नाही. हवागाळणी वेळेवर साफ केली नाही, तर धूळ आत जाऊन पिस्टनच्या कड्या व सिलिंडर झिजतात आणि इंजिनतेल जळून निळसर धूर येऊ लागतो. काळा धूर येत असेल, तर इंधन पुरते जळत नाही असे समजावे. त्याचे कारण चोंदलेली गाळणी, पेलण्यापलीकडचा भार किंवा इंधन फवारणाऱ्या भागातील बिघाड यांपैकी कोणतेही असू शकते. इंजिनतेल दुधाळ दिसू लागले तर त्यात पाणी मिसळत आहे. ते आतल्या फटीमुळे असेल किंवा बाहेरून शिरले असेल. चिखलणीनंतर यंत्र न धुता, न तपासता तसेच ठेवले, तर ब्रेक व आस यांत चिखलपाणी शिरते. अश्वशक्तीला न पेलणारा रोटाव्हेटर जोडणे किंवा उसाच्या जादा भरलेल्या ट्रॉल्या ओढणे यांचा ताण क्लच व दंतचक्रांवर पडतो.

एकच लक्षण अशा रीतीने दोन कारणांनी दिसू शकते. म्हणून देखभाल वेळेवर झाल्याचा पुरावा हाच दोष सिद्ध करण्याचा पाया होय. प्रत्येक देखभाल ठरलेल्या तासांच्या आसपास करून घ्यावी, कुपन भरून त्याची प्रत ठेवावी, तेल व गाळण्या यांच्या खरेदीच्या पावत्या जपाव्यात आणि हमीच्या काळात सुटे भाग कंपनीने मान्य केलेलेच वापरावेत. इंधन पंपाच्या मोहोरेला बाहेरच्या मिस्त्रीने हात लावू देऊ नये. एक मोहोर तुटली की पुढची सारी चर्चा तिच्याभोवतीच फिरू लागते.

अपघात, आग, पूर यांनी झालेले नुकसान हमीत येत नाही. तो विम्याचा विषय आहे. दोन्ही दावे एकमेकांत मिसळू नयेत.

पहिल्या बिघाडापासूनची नोंद

समजा, दोन शेतकऱ्यांनी एकाच बनावटीचे ट्रॅक्टर घेतले आणि दोघांच्याही यंत्रात काम करता करता गिअर सुटण्याचा दोष निघाला. पहिल्याने प्रत्येक वेळी विक्रेत्यास दूरध्वनी केला. मिस्त्री शेतावर आला, काही कसले, काही सैल केले आणि गेला. असे पाच वेळा झाले, पण कागद एकही झाला नाही. दुसऱ्याने प्रत्येक वेळी जॉबकार्ड मागून घेतले व घरच्या वहीत नोंद केली. हमी संपल्यावर दोघांनी तक्रार केली. पहिल्यास उत्तर मिळेल की, हमीच्या काळात या ग्राहकाने तक्रार केल्याची नोंदच नाही. दुसऱ्यापुढे हे उत्तर टिकणार नाही. दोष दोघांचा एकच. फरक केवळ कागदाचा.

यासाठी ट्रॅक्टरची एक स्वतंत्र वही करावी. नोंद लहान पण पूर्ण असावी. नमुना असा:

‘१२ जून. मीटर ४१८ तास. रोटाव्हेटरचे काम चालू असता दुसरा गिअर आपोआप सुटला. दिवसभरात चार वेळा असे झाले. सायंकाळी विक्रेत्याच्या कार्यशाळेस कळविले. १४ जून रोजी मिस्त्री आला. जॉबकार्ड घेतले. दोन दिवस काम बंद.’

जॉबकार्डाबाबत पुढील दक्षता घ्यावी.

१. तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी. ‘सर्वसाधारण तपासणी’ असे लिहिलेल्या कार्डाचा पुढे काही उपयोग होत नाही. ‘दुसरा गिअर भाराखाली सुटतो’ असे लिहिले तरच उपयोग होतो.

२. यंत्र आत दिल्याचा व परत मिळाल्याचा दिनांक, दोन्ही वेळचे मीटरवरील तास आणि बदललेल्या भागांची नावे कार्डावर असावीत.

३. दोष गेला नसता ‘समाधानकारक’ या शब्दाखाली सही करू नये. सही करणे भागच पडले, तर सहीवर ‘दोष कायम आहे’ किंवा ‘शेतात चालवून पाहण्याच्या अटीवर’ असे स्वहस्ते लिहावे.

४. कार्ड देण्यास नकार मिळाला, तर त्याच दिवशी लघुसंदेश वा पत्र पाठवून झालेली गोष्ट लेखी कळवावी.

दोष दिसत असताना मोबाईलवर त्याची चित्रफीत घ्यावी. तीत धुराचा रंग, आवाज, तेलाची गळती आणि त्याबरोबरच तासांचे मीटर व चेसिस क्रमांक दिसावा. मूळ चित्रफीत त्याच मोबाईलमध्ये जपून ठेवावी. असा पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या ६३ व्या कलमातील प्रमाणपत्र सोबत जोडावे.

हंगामाच्या घाईमुळे बाहेर दुरुस्ती करून घ्यावीच लागली, तर आधी विक्रेत्यास लेखी कळवावे, दोन पंचांसमक्ष काढलेल्या भागाचे छायाचित्र घ्यावे आणि तो जुना भाग पंचांच्या सह्यांनिशी बांधून ठेवावा. ब्रेक किंवा सुकाणू यांत दोष असेल, तर मात्र दुरुस्ती होईपर्यंत ट्रॅक्टर चालवूच नये. दाव्यापेक्षा जीव मोठा आहे.

विक्रेता व उत्पादक यांस पत्र

दोनतीन दुरुस्त्यांनंतरही दोष कायम राहिला, तर विक्रेता व उत्पादक या दोघांना लेखी पत्र द्यावे. आयोगाकडे जाण्यापूर्वी अशी नोटीस देणे कायद्याने सक्तीचे नाही. परंतु तिचा उपयोग मोठा आहे. पत्र रागाने लिहू नये. दिनांक, तास व कागद हेच बोलू द्यावेत. नमुना असा:

‘आपणाकडून दिनांक ... रोजी घेतलेला ट्रॅक्टर, चेसिस क्रमांक ..., हमीच्या काळात असून त्यात पुढील दोष आहे. या दोषासाठी दिनांक ..., ... व ... रोजी आपल्या कार्यशाळेत दुरुस्ती झाली. जॉबकार्डांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. दोष अद्याप कायम आहे. हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत दोष कायमचा दूर करावा. तसे न झाल्यास सदोष भाग अथवा ट्रॅक्टर बदलून द्यावा किंवा किंमत परत करावी. अन्यथा ग्राहक आयोगाकडे दाद मागावी लागेल.’

पत्र स्पीड पोस्टने पोच मिळेल अशा रीतीने पाठवावे. त्याची प्रत, टपालाची पावती व पोच एकत्र ठेवावी. राष्ट्रीय ग्राहक सहायता केंद्राच्या १९१५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवावी व मिळालेला तक्रार क्रमांक वहीत लिहावा. हे केंद्र उत्पादकाशी संपर्क साधून तडजोडीचा प्रयत्न करते. ते निकाल देत नाही. म्हणून त्या उत्तराची वाट पाहण्यात मुदत घालवू नये.

मुदतीची बाब फार महत्त्वाची आहे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे तक्रार दाखल झाली पाहिजे. सबळ कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो. पण त्यावर विसंबून राहू नये. विक्रेत्याशी पत्रव्यवहार चालू आहे, एवढ्यानेच मुदत वाढत नाही.

तज्ज्ञाचा अभिप्राय

‘ट्रॅक्टर नीट चालत नाही’ हे शेतकरी सांगू शकतो. ‘उत्पादनातच दोष आहे’ हे तज्ज्ञाने सांगितलेले बरे. कृषी अभियांत्रिकी महाविद्यालये, शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालये व तंत्रनिकेतने यांतील जाणकारांकडे यासाठी विचारणा करता येते. महाराष्ट्रात राहुरी, अकोला, परभणी व दापोली येथील कृषी विद्यापीठांत कृषी अभियांत्रिकीचे शिक्षण दिले जाते. मध्य प्रदेशातील बुदनी येथे केंद्र शासनाची शेतीयंत्रे प्रशिक्षण व परीक्षण संस्था आहे. तिचे परीक्षण अहवाल एखाद्या बनावटीची अपेक्षित शक्ती, इंधन व उचलक्षमता समजून घेण्यास उपयोगी पडतात. परंतु तो अहवाल त्या नमुन्याच्या यंत्राबद्दल असतो, आपल्या दारातील यंत्राबद्दल नव्हे, हे ध्यानी ठेवावे.

खाजगी तपासणी करविताना विक्रेत्यास दिवस व वेळ आधी कळवावी. त्याच्या पाठीमागे झालेल्या तपासणीवर तो हरकत घेतो. अहवालात दोष काय, तो कसा तपासला, देखभालीतील हयगय हे कारण संभवते की नाही व असल्यास का नाही, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे असावीत. योग्य तपासणीशिवाय दोष ठरविता येत नसेल, तर आयोगास तशी तपासणी करविण्याचा अधिकार आहे. त्याकरिता तक्रारीबरोबर स्वतंत्र अर्ज द्यावा. तपासणीची फी बहुधा तक्रारदारास भरावी लागते.

अहवालाचे महत्त्व किती असते, ते मोटारीच्या एका प्रकरणावरून कळते. इंजिनच्या आवाजाबाबतच्या त्या प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले की, स्वतंत्र तज्ज्ञास उत्पादनातील मूळ दोष आढळल्यास ग्राहक किंमत परत मिळण्यास पात्र ठरेल. याउलट, क्लचच्या दोषाबाबतच्या दुसऱ्या एका प्रकरणात २००६ साली त्याच न्यायालयाने असे सांगितले की, सदोष भाग दुरुस्त करून वा बदलून देण्याचेच बंधन हमीपत्रात असता सबंध वाहन बदलून देण्याची सक्ती करता येत नाही. तेव्हा एका भागाचा दोष व सबंध यंत्र निकामी करणारा दोष यांतील फरक तज्ज्ञाकडून स्पष्ट करून घ्यावा.

जिल्हा आयोगाकडे तक्रार

ज्या वस्तूसाठी दिलेली किंमत ५० लाख रुपयांपर्यंत आहे, तिच्याबाबतची तक्रार जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे चालते. ट्रॅक्टर साहजिकच या मर्यादेत येतो. उत्पादकाचे कार्यालय कितीही दूरच्या शहरात असो, तक्रारदार ज्या जिल्ह्यात राहतो किंवा काम करतो तेथील आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. २०१९ च्या कायद्याने दिलेली ही सोय शेतकऱ्याच्या दृष्टीने मोलाची आहे. किंमत ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही. ५ ते १० लाखांपर्यंत रु. २०० व १० ते २० लाखांपर्यंत रु. ४०० शुल्क पडते. वकील देणे सक्तीचे नाही. ई-जागृती या शासकीय संकेतस्थळावरून घरबसल्याही तक्रार दाखल करता येते.

तक्रारीत दोन्ही बाजूंची पूर्ण नावे व पत्ते, खरेदीचा तपशील, दोषाचा दिनांकवार इतिहास, केलेला पत्रव्यवहार, मुदतीत असल्याचे विधान व मागणी असावी. सोबत प्रतिज्ञापत्र आणि कागदांची क्रमवार यादी जोडावी. कागद पुढील क्रमाने लावावेत: विक्री-पावती, नोंदणी प्रमाणपत्र, हमीपत्र, देखभालीची कुपने, जॉबकार्डे, वहीतील नोंदींची प्रत, छायाचित्रे, पत्रे व पोच, तज्ज्ञाचा अहवाल, कर्जाचा खातेउतारा, नुकसानीच्या पावत्या, सातबारा.

तक्रार दाखल करून घेतल्यावर प्रतिपक्षास ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते; आयोग फार तर आणखी १५ दिवस देऊ शकतो. त्यापलीकडे मुदत वाढविता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०२० साली ठरविले आहे. प्रतिपक्षास नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत, आणि तपासणीची गरज असल्यास पाच महिन्यांत, निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात पुष्कळदा अधिक काळ लागतो, हे गृहीत धरूनच शेतीची पुढची व्यवस्था करावी. दोन्ही पक्षांची संमती असल्यास प्रकरण मध्यस्थीकडेही जाते. चांगली तडजोड निघत असेल तर ती नाकारू नये; मात्र ती लेखी करून घ्यावी.

काय मागावे?

दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत व्याजासह परत करणे आणि झालेल्या हानीची भरपाई, असे आदेश आयोग देऊ शकतो. मागणी पर्यायांनी मांडावी: ट्रॅक्टर बदलून द्यावा, ते न झाल्यास किंमत परत करावी, तेही न झाल्यास सदोष भाग विनामूल्य बदलून नव्याने हमी द्यावी.

भरपाईचा आकडा हवेत मांडू नये. समजा, १२ एकरांची नांगरट भाड्याच्या ट्रॅक्टरने करावी लागली, तर ज्याच्याकडून काम करून घेतले त्याची सहीची पावती, एकरी दर, गट क्रमांक व दिनांक हे सर्व असावे. ट्रॅक्टर वाहून नेण्याचा खर्च व बंद काळातील कर्जाचे व्याजही त्याच रीतीने पुराव्यासह दाखवावे. पुराव्याचे वीस हजार रुपये बिनपुराव्याच्या दोन लाखांपेक्षा अधिक वजनदार ठरतात.

यंत्र सदोष निघाले म्हणून कर्जाचे हप्ते थांबवू नयेत. बँकेचा करार हा वेगळा करार आहे. हप्ते थकले तर ट्रॅक्टर जप्त होण्याचा धोका उद्भवतो आणि ज्या यंत्राबद्दल दावा आहे ते यंत्रच हातचे जाते. अडचण असल्यास बँकेस लेखी कळवून सवलत मागावी.

निकाल मान्य नसल्यास ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करता येते. रक्कम देण्याचा आदेश झालेल्या पक्षास अपिलापूर्वी त्या रकमेच्या निम्मी रक्कम भरावी लागते. आदेश न पाळणाऱ्यास एक महिना ते तीन वर्षे कारावास, किंवा २५ हजार ते एक लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

विस्तार कार्यकर्त्यांनी काय करावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्याने निवाडा करावयाचा नाही, किंवा कोणाची बाजूही घ्यावयाची नाही. त्याचे काम त्याआधीचे आहे. गावात नवा ट्रॅक्टर आला की मालकास हमीपत्र वाचून दाखवावे, मुदतीचा दिनांक व तास वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्यावेत आणि नोंद कशी करावी ते एकदा प्रत्यक्ष करून दाखवावे. हंगामापूर्वीच्या बैठकीत एक भरलेले जॉबकार्ड सर्वांच्या हाती देऊन त्यातील उणिवा ओळखण्यास सांगावे. तास, दिनांक व तक्रारीचे शब्द या तीन गोष्टी तपासण्याची सवय लागली, तरी निम्मे काम झाले. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या घरी शाळेत जाणारी मुले असतात. ही वही त्यांच्याकडे सोपवावी.

अशी वही ठेवली म्हणजे प्रत्येक वेळी आयोगाकडे जावे लागतेच असे नाही. ज्याच्याकडे दिनांकवार नोंदी व सह्यांची कार्डे आहेत, त्याला टोलवणे विक्रेत्यासही कठीण जाते, आणि पुष्कळशा तक्रारी कार्यशाळेच्या दारातच मिटू शकतात. जेथे त्या मिटणार नाहीत, तेथे हीच वही आयोगापुढे साक्ष देईल. यंत्राला तेलपाणी देणे जितके नेमाने होते, तितक्याच नेमाने त्याची नोंद झाली, तर हमीपत्रातील शब्द खरा करून घेण्याचे सामर्थ्य शेतकऱ्याच्या हाती राहील.